पन्नाशीच्या गळ्याला जपानी गाणं: पहिल्या निवडीपासून काराओकेच्या खोलीपर्यंत

जपानमध्ये ‘गेन्की’ हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. ठणठणीत प्रकृती, अंगातली तरतरी, मनाची उभारी, सगळं त्या एका शब्दात येतं. जे गाणं ऐकून किंवा म्हणून ही तरतरी येते, त्याला ‘गेन्की गा देरु उता’ म्हणतात. ऑफिस सुटल्यावर चाळिशी-पन्नाशीतले चार पुरुष काराओकेच्या खोलीत बसले की हीच गाणी लागतात, टाय सैल होतात आणि दिवसभर हळू बोलणारा माणूस खुर्चीवरून उठून उभा राहतो.

असं एक गाणं आपल्याला नीट म्हणता यावं, असं वाटणाऱ्या नवख्या माणसासाठी हा लेख आहे. जपानी लिपी येत नसली तरी चालेल, गाण्याची तालीम नसली तरी चालेल. पुण्यात किंवा चाकणला जपानी सहकाऱ्यांबरोबर काम करणारे असोत, तोक्योत निशी-कासाईकडे बिऱ्हाड केलेले असोत, की घरी बसून नुसते ऐकणारे असोत, पद्धत एकच. आग्रहही एकच: एक गाणं घ्या आणि तेच पक्कं करा. वीस गाण्यांची यादी करून प्रत्येकाचं अर्धं धृपद गुणगुणणारा माणूस ऐन वेळी गप्प बसतो. जपानीत ज्याच्या-त्याच्या हुकमी गाण्याला ‘जुहाचिबान’ म्हणतात, म्हणजे ‘अठरा नंबर’. सातवे इचिकावा दांजुरो या काबुकी नटाने आपल्या घराण्याची अठरा नाटकं निवडून ठेवली होती, तिथून हा शब्द आल्याचं मानलं जातं. ‘तुमचं जुहाचिबान कोणतं?’ हा प्रश्न काराओकेत हमखास येतो. त्याला एक उत्तर असलं की पुरतं.

आधी वयाचा हिशेब

ज्यांच्यासोबत गाणार त्यांच्या जन्मसालाचा अंदाज घ्या आणि त्यात 17 मिळवा. सतरा-अठराव्या वर्षी ऐकलेली गाणी माणसाला जन्मभर तोंडपाठ राहतात, हे मराठी माणसाला जितकं खरं तितकंच जपानी माणसाला. 1962चा जन्म असेल तर 1979: त्या वर्षी साइजो हिदेकी यांचं ‘यंग मॅन’ आलं. 1967चा असेल तर 1984: गो हिरोमी यांचं ‘नि-ओकु योन-सेनमान नो हितोमी’. 1970-71चा असेल तर 1987-88: ‘द ब्लू हार्ट्स’ या बँडचं ‘लिंदा लिंदा’ आणि ‘ट्रेन-ट्रेन’. 1975-76चा असेल तर 1993: ‘झार्ड’चं ‘माकेनाइदे’, म्हणजे ‘हार मानू नकोस’.

हा हिशेब जुळला नाही, किंवा वेगवेगळ्या वयाची मंडळी असतील, तर 1960च्या दशकात जा. त्या काळातली काही गाणी जाहिरातींतून आणि पुन्हा-पुन्हा गायली गेल्यामुळे सगळ्या पिढ्यांना येतात. नवख्याने सुरुवात तिथूनच करावी असं आमचं मत आहे. चाल सोपी, वेग मध्यम, शब्द कमी आणि सुरांची उडी लहान.

पहिलं गाणं: ‘उए ओ मुइते आरुको’

‘वर बघत चालू या’ हा नावाचा अर्थ. डोळ्यांतलं पाणी गालावर ओघळू नये म्हणून मान वर करून चालणाऱ्या माणसाचं हे गाणं. शब्द एइ रोकुसुके यांचे, संगीत नाकामुरा हाचिदाई यांचं, आवाज क्यू साकामोतो यांचा. ‘रोकु’ म्हणजे सहा, ‘हाची’ आठ आणि ‘क्यू’ नऊ, म्हणून या तिघांना ‘सहा-आठ-नऊ’ असंच म्हटलं जातं. गाणं 1961चं. जून 1963 मध्ये ते अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथे राहिलं, तेही जपानी शब्दांसकट. परदेशात त्याला ‘सुकियाकी’ हे नाव दिलं गेलं. सुकियाकी हा मांस-भाज्यांचा एक पदार्थ. गाण्याशी त्याचा काही संबंध नाही. जपानी माणसासमोर गाण्याचं नाव घेताना मूळ नावच घ्या.

मराठी कानाला हे गाणं पटकन का बसतं, त्याला कारण आहे. जपानी लोकप्रिय संगीतात ‘यो-ना-नुकी’ नावाची स्वरपंक्ती फार वापरतात. ‘यो’ म्हणजे चार, ‘ना’ म्हणजे सात, ‘नुकी’ म्हणजे वगळलेलं. मध्यम आणि निषाद गाळले की उरतात सा, रे, ग, प, ध. हा आपला भूप! या गाण्याच्या पहिल्या ओळींची चाल याच सुरांत फिरते. पेटीवर भूपाचे पाच सूर चार वेळा वर-खाली वाजवा आणि मग गाणं लावा, चाल ओळखीची वाटेल. मधल्या भागात, जिथे सुखाचा विषय येतो, तिथे रंग बदलतो आणि एक कोमल छटा डोकावते. नवखा माणूस नेमका तिथेच घसरतो, कारण तोवर भूपाची सवय झालेली असते. तेवढ्या दोन ओळी वेगळ्या काढून दहा वेळा म्हणा. (रडव्या एन्का गाण्यांत याच पंक्तीचं दुसरं रूप येतं: सा, रे, कोमल ग, प, कोमल ध. शिवरंजनीचा धैवत कोमल केला की तेच सूर मिळतात. ती गाणी सुंदर आहेत, पण उभारीसाठी पहिल्याच दिवशी घेऊ नका.)

दोन सूचना. साकामोतो यांची स्वर तोडून, उचकी दिल्यासारखं गाण्याची लकब नक्कल करायला मोहक आहे. ती करू नका, सरळ सूर लावा. दुसरं, गाण्यात शिळेचा भाग आहे. शीळ येत नसेल तर ओठ मिटून ‘हं’ने तीच चाल म्हणा, खोलीतलं कुणीतरी शीळ घालतंच. आणि हे गाणं नकला करत, हसत गाऊ नये. साकामोतो 12 ऑगस्ट 1985च्या विमान अपघातात गेले. त्या काळातली माणसं हे गाणं ऐकताना हळवी होतात.

पट्टी आधी ठरवा, मग शब्द पाठ करा

पन्नाशीच्या पुरुषाचं काराओकेतलं गाणं बहुतेक वेळा पट्टीमुळे फसतं. धृपदाला आवाज फाटतो, माणूस ओरडायला लागतो आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत घसा बसतो. जपानी पॉप गाण्यांतले पुरुष गायक बरेच वर गातात. ‘बीझ’चं ‘उल्ट्रा सोल’ मूळ पट्टीत म्हणायचा प्रयत्न तयारीच्या गळ्यालाही महागात पडतो.

घरी पेटी असेल तर उत्तम, नाहीतर फोनवर पेटीचं कुठलंही अ‍ॅप घ्या. मध्यम आवाजात ‘आ’ लावा आणि एकेक पट्टी वर चढत जा, पांढरी-काळी दोन्ही मोजत. जिथे हनुवटी आपोआप वर उचलली जाते तिथे थांबा. तिथून दोन पट्ट्या खाली आलात की ते तुमचं छप्पर. आता गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा. तो जवळजवळ नेहमी धृपदात असतो. समजा तुमचं छप्पर पांढरी तीन आहे आणि गाणं त्याच सप्तकातल्या पांढरी पाचपर्यंत जातं. मधल्या पट्ट्या मोजा: पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच. तीन झाल्या. काराओकेच्या रिमोटवर ‘की’ची खालची खूण तीन वेळा दाबायची. एक दाब म्हणजे पेटीवरची एक पट्टी.

खाली उतरवल्यावर गाण्याचा सगळ्यात खालचा सूर नुसता श्वासासारखा वाटतोय का, ते लगेच तपासा. तसं होत असेल तर एक दाब परत वर घ्या. पाच-सहा दाबांनीही जमत नसेल तर ते गाणं तुमच्या गळ्याचं नाही, दुसरं घ्या. यात कमीपणा काही नाही. जपानी माणसं सर्रास पट्टी बदलतात.

‘माकेनाइदे’सारखं बाईने गायलेलं गाणं पुरुषाने खालच्या सप्तकात म्हटलं तर ते फार खर्जात जातं आणि गाण्यातली ऊर्जाच निघून जाते. तिथे उलटं करा: पट्टी चार-पाच दाब वर न्या आणि सप्तक खालचं धरा. एक गोष्ट लक्षात असू द्या. मशीन ज्या पट्टीत गाणं सुरू करतं ती मूळ रेकॉर्डचीच असते असं नाही. रिमोटवर ‘गेन्क्योकु की’ म्हणजे मूळ पट्टीचं वेगळं बटण असतं. घरचा हिशेब मूळ रेकॉर्डवरून केला असेल तर आधी ते दाबा आणि मग खाली उतरा.

देवनागरी कागद

काराओकेच्या पडद्यावर कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं येतात, त्यांच्या डोक्यावर उच्चार सांगणारी बारीक हिरागाना अक्षरं, आणि गाणं पुढे सरकेल तसा रंग बदलत जातो. अक्षरओळख वर्षभराची असली तरी त्या वेगाने वाचता येत नाही. म्हणून शब्द देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहून काढा. गाणं शोधताना फोनवर जपानी कीबोर्ड बसवून घ्या. रोमन अक्षरं टाइप केली की तो जपानी लिपी सुचवतो. त्या लिपीत शोधलं की मूळ गायकाचं रेकॉर्डिंग आणि अचूक शब्द मिळतात, रोमनमध्ये शोधलं की भलत्याच आवृत्त्या पुढे येतात.

लिहिताना पाळायची मुख्य गोष्ट म्हणजे मात्रा. लघु-गुरू शिकलेल्याला हे सोपं जाईल: जपानीत प्रत्येक अक्षर लघु, एकेक मात्रेचं, आणि गुरू हवा असेल तिथे दोन अक्षरं. आपल्या गाण्याचं नाव असं लिहा:

उ – ए – ओ – मु – इ – ते – आ – रु – को – ओ

दहा अक्षरं, दहा मात्रा. मराठी जीभ ‘उए’चा ‘वे’ करते आणि ‘मुइते’चा ‘मुईते’. पहिल्यात एक मात्रा गळते, दुसऱ्यात एक वाढते, आणि गाणारा तालाच्या पुढे-मागे होतो. आपण बेताल आहोत असं त्याला वाटतं. खरा दोष लिहिण्यातला असतो.

त्यातही आपल्या शुद्धलेखनाचा एक नियम इथे आडवा येतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, आणि तीच सवय हाताला असते. कागदावर ‘नी’ लिहिलं की तोंडातून लांब ‘नी’ निघतं. या कागदापुरता तो नियम बाजूला ठेवा आणि शेवटीही ऱ्हस्वच लिहा: नि, शि, त्सु, रु. उलट ‘अ’चं: ‘न’ लिहिलं तर आपण ‘न्’ म्हणतो, म्हणून काना द्या, ‘ना’, पण म्हणताना आखूड म्हणा. खरंच लांब हवं असेल तिथे स्वर दोनदा लिहा, जसं वर ‘को-ओ’.

आता मराठी माणसाला आयती मिळालेली देणगी. जपानीतला ‘त्सु’ म्हणजे ‘चूल’, ‘चुलत’मधला आपला दंततालव्य च, आणि ‘चि’ म्हणजे ‘चिमणी’मधला. इकार आला की तालव्य, उकार आला की दाताजवळचा, अशी फोड या शब्दांत आपल्या जिभेला न शिकवता येते. जपानीतही अगदी तसंच आहे. ‘झु’ म्हणजे ‘जुना’मधला ज, ‘जि’ म्हणजे ‘जीव’मधला. ‘फु’ म्हणताना वरचे दात ओठाला लावायचे नाहीत. गरम चहावर फुंकर घालताना ओठ होतात तसे ठेवा. ‘ल’ कुठेच नाही, सगळीकडे हलका ‘र’. त आणि द आपलेच दंत्य, ट-ड नको. वाक्यातलं ‘हा’ हे अक्षर शब्दयोगी म्हणून आलं की ‘वा’ म्हणतात, हे जपानी लिपीवरून लिहिताना विसरू नका.

अनुस्वाराचं मात्र बजावून सांगायला हवं. ‘अंबा, अंग, अंत’ यांत अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, तसाच जपानीतही बदलतो. पण तिथे त्याला स्वतःची पूर्ण मात्रा असते. ‘लिंदा’ आपण दोन ठोक्यांत म्हणतो. गाण्यात ते रि – न् – दा असं तीन ठोक्यांचं आहे. जोडाक्षराचंही तसंच: ‘गात्त्सु दा झे’ या नावात ‘गा’नंतर एक मात्रा नुसती थांबायची, ‘गच्च’ म्हणताना जीभ क्षणभर अडते तशी. कागदावर तिथे फुली मारा: गा – × – त्सु – दा – झे. पाच मात्रा.

तीन आठवडे, रोज 15 मिनिटं

पहिला आठवडा नुसतं ऐका, हातात कागद धरून, बोटाने अक्षर दाखवत. गायचं नाही. या आठवड्यात अर्थही बघून घ्या, ओळीला एक मराठी शब्द पुरे. अर्थ माहीत नसला की चेहरा कोरा राहतो, आणि या गाण्यांत चेहऱ्याचं काम मोठं आहे.

दुसऱ्या आठवड्यात चाल सोडून द्या. मांडीवर ठेका धरा आणि शब्द पाढ्यासारखे म्हणा. व्हिडिओचा वेग पाऊणपट करता येतो, तो करा. तीन दिवस त्या वेगात, चार दिवस पूर्ण वेगात. लोक नेमका हा आठवडा गाळतात, आणि मग सूर बरोबर असूनही शब्द तोंडात अडकतात.

तिसऱ्या आठवड्यात गाणाऱ्याचा आवाज काढलेला ट्रॅक लावा आणि ठरवलेल्या पट्टीत म्हणा. रोज दोनदा म्हटलं तरी पुरे. सुरुवात धृपदापासून करा, मग शेवटचं कडवं, मग पहिलं. सुरुवातीपासून शेवटाकडे पाठ केलेलं गाणं नेहमी शेवटाला कच्चं राहतं. मधल्या कडव्यात एखादा शब्द विसरलात तर ‘रा-रा-रा’ म्हणत मात्रा भरा, थांबू मात्र नका.

दुसऱ्या गाण्यासाठी

एक पक्कं झालं की स्वभावाप्रमाणे पुढचं घ्या.

‘आशिता गा आरु सा’, 1963, पुन्हा साकामोतो यांचंच. ‘उद्याचा दिवस आहे की!’ मुलीशी बोलायची हिंमत न होणारा लाजाळू मुलगा दर कडव्याला आजचं उद्यावर ढकलतो. 2001 मध्ये ‘उल्फल्स’ या ओसाकाच्या बँडने ते नव्याने गायलं, नोकरदार माणसाच्या शब्दांत. एका डबाबंद कॉफीच्या जाहिरातीतून ते घरोघरी गेलं. चाल पाठ झाली की कडवी एकामागून एक तशीच, म्हणून चार जणांनी एकेक कडवं वाटून घ्यायला याच्यासारखं गाणं नाही. जग जिंकायची भाषा त्यात कुठे नाही. पन्नाशीच्या माणसाला इतक्या बेताच्या आशेवर विश्वास ठेवता येतो, म्हणून ते टिकलं असं आम्हाला वाटतं.

‘सूदारा-बुशी’, 1961, गायक उएकी हितोशी. दारू, घोड्यांच्या शर्यती, बायकांच्या मागे लागणं, आणि प्रत्येक वेळी तीच कबुली. तिचं मराठी आपल्याकडे तयारच आहे: कळतं पण वळत नाही! उएकी स्वतः सरळमार्गी माणूस, वडील बौद्ध मंदिराचे पुरोहित. असलं गाणं गावं की नाही असं त्यांनी वडिलांना विचारलं, तेव्हा ही ओळ तर शिनरान या बौद्ध संतांच्या शिकवणीतलीच आहे असं वडील म्हणाले, ही गोष्ट जपानमध्ये प्रसिद्ध आहे. हात सैल सोडून, गुडघे किंचित वाकवून झुलत म्हणायचं. सूर थोडे इकडे-तिकडे झाले तरी खपून जातात, झुलणं थांबलं तर खपत नाही.

सुइझेंजी कियोको यांचं ‘सानब्याकु-रोकुजूगो-हो नो मार्च’, 1968: वर्षाची 365 पावलं. रोज एक पाऊल, तीन पुढे आणि दोन मागे. बाईचा आवाज, तेव्हा पट्टीचा वरचा नियम लावा. जागच्या जागी चालत म्हटलं की ताल सुटत नाही.

‘यंग मॅन’ला गाण्यापेक्षा हातांची तयारी हवी: वाय, एम, सी, ए ही चार अक्षरं दोन्ही हातांनी डोक्यावर करायची. आरशासमोर दहा मिनिटं पुरतात. ‘सी’ बघणाऱ्याला सरळ दिसली पाहिजे, म्हणजे तुमच्या बाजूने ती उलटी येते. सगळे चुकतात ते तिथेच. गो हिरोमी यांच्या गाण्याचं नाव ‘24 कोटी डोळे’, म्हणजे त्या वेळच्या जपानची 12 कोटी माणसं. ते जपानच्या सरकारी रेल्वेच्या ‘एक्झॉटिक जपान’ मोहिमेसाठी होतं. त्यात ‘जपान!’ ही आरोळी बसलेल्यांनी ठोकायची असते. श्रोत्यांच्या अशा साथीला ‘आइनोते’ म्हणतात. शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ची साथ धरतात, तेच काम. नवख्याने खोलीत स्वतः गाण्याआधी आइनोते शिकावी. एकही गाणं न गाता तुम्ही त्या मैफलीतले होता.

‘मात्सुकेन सांबा’चा दुसरा भाग, 2004: दूरचित्रवाणीवर शोगुनची भूमिका करून नाव मिळवलेले मात्सुदाइरा केन सोनेरी चमचमत्या किमोनोत नाचतात. खोलीत माराकास, म्हणजे खुळखुळे, असतील तर ते याच गाण्यासाठी उचला. ‘लिंदा लिंदा’ची सुरुवात संथ आणि मऊ, आणि मग एकदम स्फोट. तिथे दम राखून ठेवायचा असतो, म्हणून संथ भाग खरोखरच हळू म्हणा. लोक उड्या मारतात. गुडघ्याचं दुखणं असेल तर टाचा वर-खाली केल्या तरी भावना पोचते. ‘उल्ट्रा सोल’, 2001, फुकुओकाच्या जागतिक जलतरण स्पर्धेसाठीचं: पट्टी चार दाब तरी खाली, आणि धृपदाच्या शेवटची आरोळी सगळ्यांनी मिळून. ‘उल्फल्स’चं ‘गात्त्सु दा झे’ वेगवान आहे, शब्द दाट आहेत. दुसऱ्या आठवड्याची पाढ्यांची तालीम दुप्पट करा.

खोलीत

काराओकेचं मशीन 1971 साली कोबेत इनौए दाइसुके यांनी बनवलं आणि त्याचं पेटंट काही घेतलं नाही. आज जपानच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टेशनाजवळ अशा खोल्या मिळतात. भाडं माणशी, अर्ध्या तासाच्या हिशेबाने. दिवसा स्वस्त, रात्री आणि सुटीच्या आदल्या दिवशी महाग. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाने एक तरी पेय मागवावं लागतं. एका तासात साधारण 12 गाणी होतात, म्हणजे चौघांना प्रत्येकी तीन. जाण्याआधी एकट्याने अर्धा तास खोली घेऊन सराव करणं अगदी रूढ आहे. त्याला ‘हितोकारा’ म्हणतात.

शिरल्यावर मशीनवर तीन गोष्टी करा. संगीताचा आवाज थोडा कमी, प्रतिध्वनी बराच कमी, आणि गुण देणारी ‘साइतेन’ची सोय बंद. जास्त प्रतिध्वनीत स्वतःचा सूर ऐकू येत नाही आणि माणूस हळूहळू वर सरकत जातो. गुण दिसायला लागले की सगळ्यांचं लक्ष आकड्यांवर जातं. उलट ‘गाइड मेलडी’ सुरू ठेवा. ती मुख्य चाल बारीक आवाजात मागे वाजवत राहते. माइकची जाळी मुठीत झाकू नका आणि तो स्पीकरकडे वळवू नका, शिट्टी वाजते ती त्यानेच. बर्फाचं पाणी टाळा. साधं किंवा कोमट घ्या.

गाणं रिमोटवर ‘योयाकु’ करायचं, म्हणजे रांगेत लावायचं. एका वेळी एकच. दोन सलग लावणं असभ्य समजतात. वरिष्ठांचं जुहाचिबान ठाऊक असेल तर ते आपण घेऊ नये. दुसऱ्याचं गाणं चालू असताना रिमोटमध्ये डोकं घालून बसू नका. टाळी धरा, खंजिरी उचला. टाळी कोणत्या मात्रेवर पडतेय ते बाजूच्याचे हात बघून ठरवा, कारण गाण्यागणिक ते बदलतं. आपल्या गाण्यात पार अडकलात तर धृपदापर्यंत जा आणि मशीनवरचं थांबवायचं बटण दाबून हसून माइक पुढे द्या. दुसऱ्याचं गाणं मात्र कधीही थांबवू नका.

वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी काउंटरवरून खोलीतला फोन वाजतो: वाढवायचं का? वाढवायचं नसेल तर दोन गाण्यांपुरता वेळ उरलेला असतो. त्यातलं शेवटचं सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं, आणि तिथे ‘आशिता गा आरु सा’ लावा. त्यात कुणी बाहेर राहत नाही. मग माइक त्यांच्या चार्जरच्या खाचेत परत, रिमोट टेबलावर, आणि बिलाचा कागद लावलेला फळा हातात घेऊन खाली काउंटरवर.